पाच माणसांची टाकी

झाकण उचलण्याआधी मी सांगतो,
"खिडकी लावून घ्या, किनुएसान."
ती कधीच लावत नाही.
"माझंच तर आहे," म्हणते.

वर्षातून तीनदा येतो मी शिमानेच्या या डोंगरात.
शेवटच्या वळणावर बसथांबा आहे, बस नाही.

पहिल्या कप्प्यात सगळं येऊन पडतं:
जड ते तळाला, तेलकट ते वर साय धरून.
इथल्या जीवांना हवा लागत नाही,
अंधारातच खातात, सावकाश, दात पडल्यासारखे.
दुसऱ्यातही तेच, जरा निवळ.
तिसऱ्यात पंप हवा सोडतो, बुडबुडे उठतात
आणि प्लास्टिकच्या जाळ्यांवरची
तपकिरी बुळबुळीत वस्ती पंगतीला बसते.
मग संथ कप्पा, मग क्लोरीनच्या वड्या,
मग भातखाचराकडे जाणारा पाट.

एवढं मी नव्या पोराला दहा मिनिटांत शिकवतो.
गाळात घर दिसतं, ते शिकवता येत नाही.
साय जाड असली की नातवंडं येऊन गेली, तळण झालं.
तात्सुओसानना दवाखान्याची कडक औषधं लागली
त्या हिवाळ्यात वस्ती फिकी पडली होती.
मी पंप तपासला, दोनदा.
मग तिच्याकडे बघितलं.

टाकी पाच माणसांची.
कायदा घराची जमीन मोजतो, माणसं नाही.
आता एका आंघोळीवर, एका वाटीच्या विसळण्यावर
सगळी वस्ती रोडावलेली.

पंपाची घरघर रात्री त्रास देते का, विचारलं.
"थांबली तर जाग येते."

मागच्या खेपेला तिने विचारलं होतं,
"उपाशी आहेत का हो ते?"
मी वहीत बघत राहिलो.

दारोदार सांगतो मी:
तांदळाचं धुवण मोरीत ओतू नका, झाडांना घाला.
इथे नाही सांगत.
आज वाकलेलो असतानाच पांढरट पाणी आलं, भरपूर,
एका माणसाच्या भाताला एवढं धुवण निघत नाही.

शेवटच्या कप्प्यातलं पाणी काचेच्या नळीत भरलं.
तळाशी काळी फुली असते,
दिसेपर्यंत पाणी कमी करत जायचं.
"मला बघू द्या."
चष्मा कपाळावर सारून ती वाकली.
"दिसली की! तुम्ही तर अजून काढलंच नाहीत पाणी."

रकाना भरला. वापरणारे: एक.
तिने बोट ठेवून वाचलं,
झाकणाकडे पाहिलं.
"एकच लिहिलंत?"