एकेचाळीस पियानो

मेम्फिसच्या शाळांमधले एकेचाळीस पियानो
मी वर्षातून दोनदा सुरात लावते.
प्रत्येकाच्या झाकणावर पितळेची पट्टी:
व्हर्डेल मॅब्री यांजकडून.
पट्टी पुसणं माझ्या कामात येत नाही.
तरी पुसते.

एकोणिसाव्या वर्षी लागला तो कामाला,
रेकॉर्ड कंपनीच्या तळघरात, टपाल फोडायला.
पोत्यांनी कॅसेटी यायच्या,
अर्कान्सॉमधून, चर्चमधून, तुरुंगातून,
एक तर बुटांच्या खोक्यात, सोबत भाजलेले पीकन.
पीकन खात खात ऐकायचा
अकरा सेकंद.
बाराव्याला बोट बटणावर.
लोक म्हणायचे, पोराला कान आहे.
होता. मी कशाला नाही म्हणू?

त्या कानानं त्याला वर नेलं,
तळघरातून चौथ्या मजल्यावर, चौथ्यावरून नवव्या.
नवव्यावर गालिचा असा जाड
की आत येणाऱ्याचं पाऊल वाजत नसे.
तिथं गेली होती माझी आई, अर्लीन टिब्स,
बहिणीचे उसने बूट घालून.
तिचं गाणं त्यानं सगळं ऐकलं.
दोनदा.
मग कागद पुढे सरकवले, पेनचं टोपण स्वतः काढून दिलं.
बावीस पानं.
आईनं शेवटचंच वाचलं,
सही तिथं करायची होती.

ती गाणी अजून वाजतात.
एक साबणाच्या जाहिरातीत, एक विमानतळाच्या लिफ्टमध्ये.
आई शाळेच्या स्वयंपाकघरात
सत्तावीस वर्षं बटाटे सोलत राहिली.
रेडिओवर आपला आवाज आला
की नळ मोठा सोडायची.

मग कंपनी विकली गेली.
नव्या मालकांनी बावन्नाव्या वर्षी
मॅब्रीच्या हातात नारळ दिला.
त्यानं नदीकाठचं जुनं कापसाचं गोदाम घेतलं
आणि फोमचे तक्ते बनवू लागला,
भिंतीला लावायचे, आवाज गिळणारे.
आधी स्टुडिओंना, मग इस्पितळांना, न्यायालयांना,
हमरस्त्यालगत झोप उडालेल्या घरांना.
'उभी हयात गाणी विकली,
पैसा दिसला तो शांततेत.'
वाक्य त्याचंच. प्रत्येक सभेत सांगतो,
प्रत्येक सभेत हशा.

आणि मग वाटू लागला.
पियानो. शिष्यवृत्त्या.
पहिलीच्या पोरांचे कान तपासणारी पिवळी गाडी,
तिच्यामुळे आमच्या शेजारच्या टायरीला
सहाव्या वर्षी पहिल्यांदा
स्वतःचं नाव नीट ऐकू आलं.
हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

एका मार्चमध्ये आमच्या दारात उभा राहिला,
एकटाच, गाडी स्वतः चालवत आलेला.
हातात खोकं. आईच्या मूळ टेपा,
आणि सगळे हक्क तिच्या नावावर केल्याचा कागद.
आईनं ॲप्रनला हात पुसले.
'किती पानं?'
'एकच.'
'ठेव तिथं.'
बस म्हणाली नाही, कॉफी विचारली नाही.
कागद तिनं बायबलमध्ये ठेवला.
खोकं अजून तिथंच आहे, उंबऱ्यापाशी,
जाळीचा दरवाजा वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

माझ्या घराचं भाडं त्याच्या चेकमधून जातं.
आईला ठाऊक आहे.
'वेळेवर देतो ना?' एवढंच विचारते.

गेल्या आठवड्यात पियानो लावत होते
ऑरेंज माउंडच्या एका शाळेत, जिममध्ये.
कधी येऊन बसला, कळलं नाही,
मागच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर.
मी अगदी वरची, उजव्या टोकाची पट्टी दाबली.
फुटक्या काचेसारखी बेसूर.
'छान,' तो म्हणाला.
मी वळून पाहिलं.
डोळे माझ्या बोटावर होते.
बोट खाली गेलं, एवढंच त्याला दिसलं होतं.

मी काही बोलले नाही.
तीच पट्टी पुन्हा दाबली, किल्ली केसभर फिरवली,
पुन्हा दाबली, पुन्हा फिरवली,
आणि तो मान डोलवत बसून राहिला,
अकरा सेकंदांहून
कितीतरी जास्त.