पेटला की पैसे

छत्तीस वर्षं मी तपकीर गल्लीत उजेड विकतोय.
पिवळा, पांढरा, गणपतीतला लुकलुकणारा.
काउंटरवरच्या होल्डरला लावून दाखवायचा,
पेटला की पैसे. एवढाच आमचा कायदा.

अर्शिया तांबोळी, अकरावीतली,
भवानी पेठेतून चालत आली.
म्हणाली, काका, सरड्यासाठी ट्यूब हवी. उन्हासारखी.
दुकानातला पोऱ्या कुंपणाची म्हण पुटपुटला.
मी एलईडी दिली, वीस वॅट, दोन वर्षं गॅरंटी.
उजेड तो उजेड, म्हटलं,
सरड्याचा काय वेगळा असतो?

पाच महिन्यांनी ती परत आली, बुटांचं खोकं घेऊन.
भांडायला नाही.
आत खारीक. नाव ते, रंगही तोच.
पुढचे पाय ओल्या मातीचे वळून
कुणी घाईत उठून गेल्यासारखे.
जबडा दाबला तर दबतो, म्हणाली.
मी बोट पुढे केलं
आणि मागे घेतलं.

कोथरूडच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती:
याला लागतो तो उजेड डोळ्यांना दिसत नाही.
हाडं त्याच्यावर धरतात.
काचेतून तो येत नाही, खिडकीत ठेवून भागणार नाही.
किड्यांवर कॅल्शियमची पूड, पिठीसाखरेसारखी भुरभुरून.
आणि ट्यूब वर्षाच्या आत बदला,
पेटत असली तरी.

पेटत असली तरी.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग मुंबईहून खरी ट्यूब मागवली.
उबेच्या दिव्याला चिनी मातीचा होल्डर,
भोवती जाळी, पोट भाजू नये म्हणून.
टायमर सात ते सात.
रात्री तिला लाल बल्ब ठेवायचा होता.
नको, म्हटलं, रात्री त्याला रात्रच दे.
(हे मी म्हणालो. बल्बवाला.)
गुरुवारी लाइट गेली तर गच्चीवर ने,
कोवळं ऊन, पण टबात एक कोपरा सावलीचा,
आणि घारींवर लक्ष ठेव.
ट्यूबच्या टोकाला मार्करनं तारीख घातली,
औषधाच्या बाटलीवर असते तशी.

पाय वाकडेच राहणार, बाई म्हणाल्यात.

काल ऐन गर्दीत, गिऱ्हाइकांच्या खांद्यांमधून
तिनं हात आत घातला.
काका, चावला! खारीक चावला मला!
नखाशेजारी बारीक लाल ठिपके,
आणि पोरगी अशी हसत होती
की पोऱ्यानं बिल अर्धं सोडून
ते बोट बघितलं.