उजेड थोडा खाली

समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर.
मी तो एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत,
आणि तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता.

आता आहे, हप्ते फिटलेला,
आणि समुद्राची पाखरं आपणहून येतात
थंडीत, हिप्परग्याच्या तळ्यावर.
कुरव म्हणतात त्यांना. यल्लप्पा म्हणतो, पांढरे कावळे,
जाळ्यातली चिलापी पळवतात.
म्हणतो, आणि शिव्या देत शेव फेकतो त्यांच्याकडे.
मी बांधावर पालथा, कोपरात खडे रुतलेले,
सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागात
पंख धरू पाहतो.
दोनशे फोटोंत एकशे नव्वद नुसतं आभाळ,
कुठे शेपूट, एकात यल्लप्पाचा अंगठा.

पांढऱ्यावर पांढरं टिपणं अवघड.
उजेड जरा जास्त झाला की पिसं जळतात,
मागे कोरा कागद.
वडील टॉवेलच्या कारखान्यात ब्लीचिंगला होते.
धुतलेल्या थानाकडे बघून सांगायचे,
हा दुधाचा, हा चुन्याचा,
हा आजारी माणसाच्या नखाचा.
कॅमेऱ्याला एकच पांढरा कळतो.

दुपारी स्टुडिओ, साखर पेठेत.
बोल्लींच्या मुलीचं लग्न. तिची आई म्हणाली, दोन छटा उजळ करा.
करतो. गालावरचा वांग पुसतो,
मामाच्या हातातली माव्याची पुडी पुसतो.
सगळे गेल्यावर कुरव उघडतो.
सावल्या थोड्या वर, उजेड थोडा खाली,
आणि पंखाखाली हळूहळू करडं उगवतं,
एकेक पीस, कड धरून.
डोळ्यामागचा काळा ठिपका येतो.
पायाला गुंडाळलेला दोरा येतो.

नायलॉनचा, हिरवट.
बांधावरून दिसला नव्हता.
हात सवयीने गेला,
वांग पुसतो तसा पुसला. दोन सेकंद.
लाल, स्वच्छ पाय. कॅलेंडरवर शोभेल असा.

मग एक पायरी मागे गेलो.
दोरा परत.
पुन्हा पुसला. पुन्हा आणला.
इराण्णाने खालून शटर अर्धं ओढलं, "झालं का हो?"
मी म्हटलं, हो. झालं नव्हतं.

रविवारी यल्लप्पाला मोबाइलवर दाखवला, दोऱ्यासकट.
त्यानं दोन बोटं फाकवून पाय मोठा केला,
होडी वाहू दिली, बघत राहिला.
"आमचा न्हाई," म्हणाला, "आमचा निळा असतो."
आणि शेव फेकली,
या खेपेला जरा जवळ.