अकरा महिने

'कारणे करारनामा लिहून देतो की...'
इथवर माझी बोटं न बघता जातात.
विजयनगरला, कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, पायाशी मुद्रांकांची पेटी
आणि बॅटरीवर धापा टाकणारा प्रिंटर.
लिहून देणार एक, लिहून घेणार एक,
मधे मी, पानाला चाळीस रुपये.

दस्तगीर मुलाणी पहिल्यांदा आला
तेव्हा पत्ता विश्रामबागचा होता. दोन खोल्या, गॅलरी,
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सामाईक जिना.
व्यवसाय विचारला तर म्हणाला, सीएनसी ऑपरेटर,
आणि मला टाइप करता यावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.
खिशात एका स्कीमचं माहितीपत्रक चारघडी,
चित्रातल्या हिरवळीवर एक गोरी बाई योगासनं करत होती.
पुढच्या वर्षी बुकिंग, ताई,
हा शेवटचाच भाडेकरार.

मग कुपवाडात तिसरी पाळी बंद झाली.
नोटीस वगैरे काही लागली नाही.
मला कळलं बाबासो चहावाल्याकडून :
पहाटेचा थर्मास तो अर्धाच भरून न्यायला लागला.
ब्रेक ड्रमच्या ऑर्डरी पुण्याहून यायच्या, त्या येईनात.
आठवड्याचे सहा दिवस, मग चार,
मग 'आम्ही फोन करतो'.

आणि माझ्या टेबलावर पत्ते सरकू लागले,
विश्रामबागचे वानलेसवाडीला,
वानलेसवाडीचे बामणोलीला,
बामणोलीचे कुणी थेट बायकोच्या माहेरी,
त्यांचा करार कशाला लागतो.

भाडं उतरलं नाही.
मला वाटायचं उतरेल,
हळदीच्या सौद्यात ढीग पडून राहिला की
रुमालाखालची बोटं कशी नरमतात, तसं.
घरं नरमत नाहीत. रिकामी राहतात.
शंभर फुटी रस्त्यावर तिन्हीसांजेला मान वर करून बघा,
सात मजले,
चार दिवे.

श्रीपाल मगदूम, विश्रामबागच्या त्या दोन खोल्यांचे मालक,
याच बाकावर बसून मला म्हणाले होते,
बँकेचा हप्ता एकोणीस हजार, भाडं साडेआठ,
तुम्हीच सांगा, मी किती सोडू?
मी कुणालाच काही सांगत नाही. मी टाइप करते.
परवाच्या पावसाळ्याआधी ते पुन्हा आले,
सवयीनं मी त्यांचं नाव वरच घातलं,
लिहून देणार.
त्यांनी बोट ठेवलं. खाली घ्या, म्हणाले.
प्रिंट निघून गेली होती. मी दुसरा कागद ओढला तर म्हणाले,
असू दे, कशाला वाया, खाडाखोडीवर सही करतो.
आणि केली. सुपरवायझरची सही, ठसठशीत,
वीस वर्षं गेटपासवर केलेली.

दस्तगीर काल आला. आता गावभागाच्या खालच्या अंगाला,
नदीकडची गल्ली. एक खोली, वर माळा.
भिंतीवर पाण्याच्या दोन रेघा आहेत,
एक ट्यूबलाइटच्या वर, एक खाली.
मालक म्हणाला, म्हणून तर तीन हजार.
व्यवसाय?
तो थोडा वेळ प्रिंटरकडे बघत राहिला.
मागचाच ठेवा, म्हणाला.

मग कलम नऊ वाचलं त्यानं, पहिल्यांदाच, ओठ हलवत :
'मुदत संपताच कोणतीही तक्रार न करता जागा खाली करून देईन.'
ताई, ते 'तक्रार न करता' तेवढं काढता येतंय काय?
फॉरमॅट आहे, मी म्हटलं. सगळ्यांना तोच.
बरं, म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.

तो पाठमोरा असताना मी कर्सर नेला
आणि ते तीन शब्द पुसले. 'कोणतीही' धरून.
कायद्यानं काही बदलत नाही, अठरा वर्षं इथं बसते, ठाऊक आहे.
मालकानं न वाचता सही केली, साक्षीदारांनीही.
चहा आला. बाबासोनं तीन कपांचेच पैसे घेतले,
चौथा काय त्यानं हिशोबात धरला नाही.