प्रस्तुत नाटकात

'प्रस्तुत नाटकात' इथवर आलेय.
घणसोलीत सेक्टर सातला वीज गेलेली,
वहीवर मोबाईलचा टॉर्च.

खांबेटे सरांचा नियम : निबंधात 'मला' नको.
'मला वाटते' नाही, 'असे दिसते'.
कुणाला दिसते, ते विचारायचं नाही.

तर असे दिसते, की
दुसऱ्या अंकात कुमुद
एकाच चादरीची चार वेळा घडी करते.
पहिल्यांदा नवरा बोलत असतो.
चौथ्यांदाही तोच.
चादर हे प्रतीक आहे, लिहिलं.
कशाचं? जागा सोडली.

आत्या तुर्भ्याच्या मार्केटातून आली,
केसांत कांद्याची सालं.
अंधारातच रिकामी गोणी झटकली,
घडी घातली,
मोडली,
पुन्हा घातली.
म्हटलं, आत्या, झाली की घडी.
"हात थांबले ना, की डोकं सुरू होतं गं."

सोडलेल्या जागेत तेच उतरवलं,
अवतरणचिन्हांसकट.
सर संदर्भ मागतील.
पान क्रमांक काय देऊ?

वीज आली तेव्हा दिसलं :
तिसऱ्या परिच्छेदात
एक 'मला' तसाच राहून गेलाय.

व्हाइटनर संपलं होतं, असं सांगेन.