तिसऱ्या गेटापाशी

फाटक पडलं की इथली गर्दी दुप्पट होते.
अडकलेले लोक वास घेत आत येतात, आणि राहतात.

पाटीवर 'तापास'. पहिल्याच आठवड्यात
कुणीतरी विचारून गेलं, कसला तपास चाललाय इथं?
नारू गुंजीकर, अकरा वर्षं बोटीवर कांदे सोलून आलेला,
म्हणाला, झाकण गा, झाकण!
तिकडं पेल्यात माशी पडू नये म्हणून
वर बशी ठेवायचे म्हणे.
मग बशी तरी रिकामी कशाला?

आमच्या टेबलाला खुर्च्या चार, माणसं सात.
माझ्या पाठीला कुणाचंतरी पोट टेकलेलं,
आम्ही कधी उठतोय ते बघत.
लसणातली कोळंबी आली, चाळीस रुपयांत सहा.
शिवलीलानं ती माझ्याकडं सरकवली
आणि अळंबीचं तेल पावानं पुसत म्हणाली,
चलो ऐती.
मिरची मात्र खानापूरच्या बाजारातली,
तिला बोटीचं काही माहीत नाही.

बिल म्हणजे बश्यांची चळत.
इराप्पा कन्नडात मोजतो, मराठीत लिहितो:
हन्नेरडु. बारा.
आम्ही खाल्ल्या अकरा.
चळत उतरली, परत चढली.
बाराच.

तेव्हा मागचं पोट हळूच बोललं,
ती ऑलिव्हची माझी.
तुमचं बोलणं संपेना,
उभ्या उभ्या खाऊन तुमच्यातच ठेवली.

बसा की मग, शिवलीला म्हणाली,
आणि आपल्या खुर्चीचा एक काठ रिकामा केला.
बाहेर मालगाडी अजून जातच होती.