उजवी वाटी

असोळण्याहून पिएदाद ती टेंपोत घालून घेऊन आली.
होडीला मारतात तो हिरवा रंग,
हँडलची शिंगं उलटी फिरवून आभाळाकडे केलेली,
आणि मागच्या नळ्यांना, दोन्ही अंगांनी,
सुरेचे कॅन अडकवायचे आकडे.

"वर्स सांग," म्हणाली. "बंगळुरूचा एकजण विचारतोय,
जुनी निघाली तर पैसे चढे देणार.
पपा सांगायचे, एकसष्टची.
लिबरेशनच्या रात्री कोण पाकलो पळता पळता
साळ नदीच्या काठावर त्यांच्या हातात देऊन गेला."

मडगावात चाळीस वर्षं पंक्चरं काढली मी.
ॲटलस, हीरो, हर्क्युलिस डोळे मिटून ओळखीन,
ही तोंड उघडेना.
कपाळावरचा बिल्ला कुणीतरी उपटलेला,
राहिली दोन बारकी भोकं.
रॉकेलनं रंग सोलत गेलो: हिरव्याखाली शेंदरी,
शेंदरीखाली फिकट निळा, आणि निळ्यावर
अर्धवट पुसलेलं एक नाव, त्यातला शेवटचा ओ तेवढा वाचता येणारा.
ओवरून काय कळणार? ओ अर्ध्या इटलीच्या नावात असतो.
आमच्या सांतानोच्याही असतो.

मग पेडलमधली वाटी खोलायला घेतली.
उजवीकडचे आटे उलटे, ही हाताची सवय,
म्हणून पान्यावर अख्खा उभा राहिलो.
हलेना.
कितीतरी वेळानं लक्षात आलं
की सोडवतोय म्हणून मीच ती आवळत होतो.
चिडून दुसरीकडे ओढला पाना,
आणि सुटली की, मुकाट.
दोन्हीकडे सुलटे आटे. कॅलिपर लावला: छत्तीस.
पस्तीस भरली असती तर फ्रेंच म्हटलं असतं.

गिअरच्या पाठीवर जुना टूथब्रश फिरवला तेव्हा
तेलकट काळ्यातून अक्षरं वर आली:
पेटंट, एक आडवी रेघ, शहात्तर.
क्रँकच्या मागे, शंकरपाळ्याएवढ्या चौकटीत
सहाचा आकडा.

"भाग बदललेले असू शकतात," मी म्हटलं,
"सांगाडा आधीचा, गिअर नंतरचा. होतं असं."
होतं, पण हे भाग असोळण्यात कोण बदलणार?
हे मी बोललो नाही.

ती स्टुलावर बसली. नखानं स्टुलाचा रंग काढू लागली.
"शहात्तरला मी सात वर्षांची.
त्या पावसात आमच्या काथ्याच्या खोपीत एक गोरा निजायचा.
केस हे इथपर्यंत. ताप.
ममा त्याला पेज द्यायची, वर खारातली कैरी.
सूर प्यायचा, पैसे नव्हते.
पोलीस पासपोर्ट बघत फिरायचे, तेव्हा पपांनी दम दिला,
कुणी काही बोलायचं नाही.
पाऊस सरला तसा गेला.
चालत गेला."

बराच वेळ दुकानात कुणी काही बोललं नाही.

"नाव?"
"कोणाला ठाऊक. ममा त्याला पुता म्हणायची."
मग एकदम हसली:
"आणि पपांचा तो पाकलो! दर नाताळाला
त्याच्या टोपीला एक पीस जास्त लागायचं."

कागदावर लिहिलं: इटली. नाव वाचता येत नाही.
साल शहात्तर किंवा त्याच्या मागेपुढे.

राहिले आकडे. गिऱ्हाइकाला मूळची हवी,
होती तशी.
डाग बघितला. पितळेचा, एकसंध,
कुठे बुडबुडा नाही, कुठे ओघळ नाही.
मला नसता जमला.
"कुणी केलं हे?"
"पपांनी. कुडतरीच्या लोहाराकडे दिवसभर उभं राहून."
करवत खाली ठेवली मी.
"काप," ती म्हणाली. "माडावर चढणारं
आता घरात कोण आहे?"

कापले. फरशीवर पिवळा कीस पडला.
आकडे तिनं रुमालात बांधून पर्समध्ये टाकले,
पर्सची चेन मग लागेना.

टेंपो सुरू झाला तेव्हा मी ओरडून सांगत होतो,
त्याला सांग, उजवी वाटी आपोआप सैल होते,
या आट्यांची ती खोडच आहे,
अधूनमधून आवळत राहा म्हणावं.
तिनं कानामागे हात धरला,
काहीतरी म्हणाली,
आणि मलाही ते ऐकू आलं नाही.